अंतर राखावे, अंतर देऊ नये: महामारीच्या दिवसांतील वर्धा जिल्हा



ह्या महोत्सवी स्मरणिकेच्या समितीने आपल्या धर्मग्रामाच्या इतिहासाची रूपरेषा आखली, तेव्हा ख्रिस्तमंदिराची पायाभरणी, शाळा, भगिनींचा मठ, सण व यात्रा ह्यांपैकी प्रत्येकास योग्य ती पाने वाटून देण्यात आली. सन २०२० ते २०२२ ह्या काळाच्या वाट्यास मात्र "कोरोनामुळे मंदिर बंद होते" एवढी एकच ओळ आली. ती ओळ खोटी नाही; तथापि ती अपुरी आहे. आज बाप्तिस्मा घेणारे बालक उद्या मोठे होऊन विचारील, की त्या दिवसांत आमच्या वाडवडिलांस कशाची भीती वाटत होती, त्यांनी कशाची आशा धरली, आणि ते एकमेकांशी कसे वागले? त्यास उत्तर देणे हे आमचे कर्तव्य आहे, असे समजून हा अल्प वृत्तान्त लिहिला आहे.

धर्मग्रामाच्या तीन नोंदवह्या आमच्या समोर उघड्या आहेत. बाप्तिस्मा व विवाह ह्यांच्या वह्यांत त्या वर्षांची पाने विरळ दिसतात. मृत्यूच्या वहीत सन २०२१ च्या एप्रिल व मे महिन्यांतील ओळी दाटीने लिहिल्या आहेत. वहीत नाव, वय व तारीख लिहिण्यास रकाने आहेत. आप्तांपैकी दफनास कोण येऊ शकले नाही, हे लिहिण्यास रकाना नाही.

पूर्वीच्या साथी

साथीचा रोग वर्ध्यास नवा नव्हे. सन १८६२ मध्ये हा जिल्हा नागपुरापासून वेगळा झाला, १८६६ साली वर्धा शहर वसले आणि त्यानंतर लवकरच मुंबईहून आलेली आगगाडी ह्या भागातून धावू लागली. ज्या रुळांवरून येथला कापूस मुंबईस जाऊ लागला, त्याच रुळांवरून पुढे रोगही प्रवास करू लागले. सन १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला, तेव्हा सरकारने दुसऱ्याच वर्षी साथरोगांचा कायदा केला. त्याच वर्षीच्या जानेवारीत डॉ. हाफकिन ह्यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून प्रथम स्वतःस टोचून घेतली. वाचकांस नवल वाटेल, परंतु मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने जो कायदा पुकारला, तो हाच १८९७ चा कायदा होय.

ह्याहून भयंकर साथ सन १९१८ ची. इन्फ्लुएंझाचा रोग जूनमध्ये मुंबई बंदरात उतरला. पहिली लाट सौम्य होती. लोकांनी ती ज्वराची नेहमीची साथ समजून सोडून दिली. परंतु सप्टेंबरनंतर दुसरी लाट आली व तिने धडधाकट तरुण माणसे उचलली. त्या वर्षी पाऊसही रुसला होता. धान्य महाग, चारा दुर्मिळ, आणि शेतावर काम करणारे हात अंथरुणास खिळलेले. वर्धा त्या वेळी ज्या मध्यप्रांत व वऱ्हाडात मोडत असे, तो प्रांत सर्वाधिक हानी सोसलेल्या प्रांतांपैकी एक होता. सबंध हिंदुस्थानात सव्वा ते पावणेदोन कोटी माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मनुष्यास होणाऱ्या ह्या रोगाचा विषाणू प्रयोगशाळेत प्रथम हाती लागला तो १९३३ साली, म्हणजे साथ ओसरल्यावर पंधरा वर्षांनी. पहिल्या लाटेतून सुटलो म्हणजे संकट टळले असे मानू नये, हा त्या साथीचा धडा होता. शंभर वर्षांत तो आम्ही विसरलो, आणि पुन्हा शिकण्यासाठी जबर किंमत मोजली.

सेवाग्रामचा वारसा

ह्याच जिल्ह्याने रोगाविषयी एक निराळा पाठही जगास दिला होता. सन १९३६ मध्ये मनोहर दिवाण ह्यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे महारोग्यांच्या सेवेचे काम आरंभिले. त्याच वर्षी महात्मा गांधी शेगाव ह्या लहानशा खेड्यात राहावयास आले. पुढे ते खेडे सेवाग्राम ह्या नावाने प्रसिद्ध झाले. सन १९३९ मध्ये परचुरे शास्त्री नावाचे संस्कृतचे विद्वान, महारोगाने जर्जर होऊन, सेवाग्रामच्या दारी आले. त्या काळी महारोग्याची सावलीही लोक टाळीत. गांधीजींनी त्यांस आपल्या कुटीजवळ झोपडी बांधून दिली आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या व्रणांची शुश्रूषा व अंगाचे मर्दन केले.

त्याच सुमारास वर्ध्याकडे पटकीची साथ आली असता डॉ. सुशीला नायर ह्या तरुण डॉक्टर बाईंनी जवळजवळ एकहाती तिच्याशी सामना केला. पुढे त्यांच्याच परिश्रमाने सेवाग्रामात कस्तुरबा रुग्णालय उभे राहिले व १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, तेथे वैद्यकीय महाविद्यालय निघाले. ह्याच रुग्णालयाने पुढे गावकऱ्यांकडून सुगीत ज्वारी घेऊन त्यांच्या औषधोपचाराची हमी देण्याची योजना चालविली. रोख पैसा नसलेल्या शेतमजुरासही रुग्णालयाचे दार आपले वाटावे, हा तिचा हेतू होता. ही पूर्वपीठिका सांगण्याचे कारण असे, की महामारी आली तेव्हा वर्धा अगदीच निराधार नव्हता. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय व सावंगी मेघे येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही दोन मोठी रुग्णालये ह्या लहानशा जिल्ह्यात होती, आणि शेजारच्या जिल्ह्यांतील रुग्णही त्यांच्याच आश्रयास येत होते. प्रश्न इमारतींचा नव्हता. परचुरे शास्त्रींस जवळ करणाऱ्या भूमीत आपण आपल्या शेजाऱ्यास जवळ करू की नाही, हा खरा प्रश्न होता.

टाळेबंदीचे दिवस

जागतिक आरोग्य संघटनेने ता. ११ मार्च २०२० रोजी कोरोनाची साथ ही जागतिक महामारी असल्याचे जाहीर केले. ता. २२ रोजी जनता संचारबंदी झाली, आणि ता. २५ पासून सबंध देशात टाळेबंदी सुरू झाली. उपवासकाळ चालू होता. झावळ्यांचा रविवार झावळ्यांवाचून गेला. ता. १० एप्रिलचा शुभ शुक्रवार आणि ता. १२ चा पुनरुत्थानाचा सण ह्या दिवशी प्रस्तुत लेखकाने रिकाम्या बाकांसमोर उपासना केली. त्यापूर्वी, ता. २७ मार्चच्या संध्याकाळी, रोम येथे पोप फ्रान्सिस ह्यांनी पावसात भिजलेल्या निर्मनुष्य चौकात उभे राहून जगासाठी प्रार्थना केली. सन १५२२ च्या प्लेगमध्ये रोमच्या रस्त्यांतून मिरविलेला प्राचीन क्रूस त्या वेळी तेथे आणून ठेवला होता. आपल्यापैकी पुष्कळांनी ते दृश्य भ्रमणध्वनीच्या लहानशा काचेवर पाहिले.

काहींनी तेव्हा विचारले, की काचेवरची मिस्सा ती मिस्सा कशी? प्रत्यक्ष सहभागाची जागा ती घेऊ शकत नाही, हे खरेच. परंतु सन १५७६ मध्ये मिलान शहरात प्लेग पसरला, तेव्हा तेथील आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमेओ ह्यांनी चव्हाट्यांवर वेदी मांडविल्या, हेतू हा की घरात कोंडलेल्या लोकांस खिडकीतून मिस्सा पाहता यावी. लोकांस घरी ठेवणे आणि लोकांस सोडून न देणे ही दोन्ही कामे त्यांनी एकाच वेळी साधली. त्यांना खिडकी होती, आम्हांला काच.

मार्च व एप्रिल उलटले तरी वर्धा जिल्ह्यात एकही रुग्ण आढळला नव्हता. "आपल्या मातीत तो रोग जगत नाही," असे म्हणणारेही भेटले. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आर्वी तालुक्यातून पहिली नोंद झाली व तो भ्रम संपला. दरम्यान दक्षिणेकडून आपल्या गावी निघालेले मजूर हिंगणघाट व जाम ह्या वाटेने उन्हातान्हात पायी चालले होते. त्यांच्या पायांवरील फोड पाहिले, तेव्हा घरात राहण्यास सांगितले जाणे हेही एक भाग्य आहे, हे आम्हांस कळले.

घरोघरची चिंता मोठ्या शब्दांची नव्हती. मधुमेहाच्या गोळ्या संपल्या, आता वर्ध्यास जाणार कसे? क्षयाचे औषध चुकले तर? सून आठव्या महिन्यात आहे, दवाखान्यात न्यावे की न न्यावे? घशात खवखव होते, ती सांगावी की लपवावी? जिनिंग बंद पडल्याने कापूस घरातच साठून होता. त्याचे पैसे हाती येईपर्यंत औषधाची उधारी कशी फेडावी? आशाही तशाच लहान व घरगुती होत्या. सुंठ, मिरे, दालचिनीचा काढा, हळद घातलेले दूध, सकाळ-संध्याकाळ वाफ, रुमालात बांधलेली कापूर-ओव्याची पुरचुंडी, गावोगाव वाटलेल्या आर्सेनिक अल्बमच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या. ह्यांपैकी कशानेही रोग अडतो असे सिद्ध झाले नाही. तरीही काढा उकळणाऱ्या आजीस हसण्याचा आम्हांस अधिकार नाही. हात स्वस्थ ठेवून भिण्यापेक्षा हातांनी काही करीत राहावे, ही मनुष्याची प्रकृतीच आहे. दोष औषधाच्या आशेत नव्हता. त्या आशेपायी मुखपट्टी टाकून देण्यात व डॉक्टरकडे जाण्यास उशीर लावण्यात होता.

सप्टेंबर २०२० मध्ये "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" ही मोहीम निघाली. आशा कार्यकर्त्या ज्वर मोजण्याचे यंत्र व बोटास लावावयाचा ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरल्या. पुष्कळांनी त्यांस दार उघडले नाही. "तुम्हीच रोग आणता," असे शब्दही त्यांना ऐकावे लागले. तुटपुंज्या मानधनावर, घरी स्वतःची लेकरे ठेवून हिंडणाऱ्या ह्या भगिनींचे ऋण ह्या पानावर नोंदविणे आम्हांस आवश्यक वाटते.

एक कबुली

येथवर "आम्ही" म्हणून लिहिले. पुढचा प्रसंग "मी" म्हणूनच सांगितला पाहिजे.

सन २०२० च्या ता. १६ नोव्हेंबरपासून, दिवाळीच्या पाडव्यास, महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे पुन्हा उघडली. त्यानंतरच्या एका रविवारी आपल्या धर्मग्रामातील एक कुटुंब मिस्सेस आले. घरातील तिघांस मागे रोग होऊन गेला होता. विलगीकरणाचे दिवस केव्हाच पुरे झाले होते, डॉक्टरांनी त्यांस मोकळीक दिली होती. ती मंडळी ज्या बाकावर बसली, तो बाक रिकामा राहिला. त्यापुढचा व त्यामागचाही. जागा कमी असूनही माणसे दाराशी उभी राहिली. शांतीच्या अभिवादनाच्या वेळी कोणी त्यांच्याकडे पाहून हातही जोडले नाहीत. मी वेदीवरून हे सर्व पाहिले, आणि काहीही बोललो नाही. माझे वय पन्नाशीच्या पुढे, रक्तात साखर. भीती मलाही होती. मिस्सा संपल्यावर मी नेहमीप्रमाणे दाराशी थांबलो नाही, मागल्या दाराने निघून गेलो.

दोन दिवसांनी त्या घरच्या वृद्ध माता आवाराच्या फाटकापाशी आल्या. आत आल्या नाहीत. तेथूनच म्हणाल्या, "फादर, अंतर ठेवा, पन अंतर देऊ नका जी."

धर्मशास्त्राच्या अभ्यासात मी बरीच वर्षे घालविली आहेत. आपल्या भाषेने एकाच शब्दात ठेवलेला हा भेद मला त्या दिवसापर्यंत कोणी दाखविला नव्हता. अंतर राखणे म्हणजे शेजाऱ्याचे रक्षण, अंतर देणे म्हणजे त्याचा त्याग. रोग आम्हांस पहिल्याची आज्ञा करीत होता; दुसरे आम्ही आपल्या मनाने करीत होतो. पुढच्या रविवारी मी उपदेशातून सर्वांसमक्ष त्या कुटुंबाची क्षमा मागितली. त्यांनी ती दिली. ती देताना त्यांनी एकही अट घातली नाही, हे मला अधिक जड गेले.

दुसरी लाट

फेब्रुवारी २०२१ मध्ये रुग्णांची संख्या पुन्हा वाढू लागली, ती प्रथम आपल्या विदर्भातच, अमरावतीस ता. २२ पासून टाळेबंदी झाली. एप्रिलमध्ये सर्व राज्यात कडक निर्बंध आले व मंदिरांची दारे पुन्हा मिटली. १९१८ प्रमाणेच ह्या वेळीही दुसरी लाट पहिलीहून कठोर निघाली. खाटा भरल्या; प्राणवायूच्या टाक्यांसाठी धावाधाव झाली. "चौऱ्याण्णवच्या खाली गेला तर दवाखाना" हे वाक्य शाळकरी पोरांसही पाठ झाले. सहा मिनिटे चालून पुन्हा आकडा पाहावा, पालथे झोपावे म्हणजे फुप्फुसास वाव मिळतो, ह्या गोष्टी घरोघर शिकविल्या गेल्या, आणि त्यांनी काहींचे प्राण वाचविले.

त्या दिवसांत रेमडेसिव्हिर हे नाव प्रत्येक ओठावर होते. एका कुपीसाठी लोकांनी दागिने मोडले. मे २०२१ मध्ये वर्ध्याच्याच जेनेटिक लाइफ सायन्सेस ह्या कारखान्यात ते औषध तयार होऊ लागले, आणि त्याच महिन्यात काळ्या बुरशीवरील अँफोटेरिसिन बी हेही तेथे निघाले. लहानशा वर्ध्याचे नाव तेव्हा देशभर झाले व आम्हांस अभिमान वाटला. तो अनाठायी नव्हता. परंतु खरा इतिहास लिहावयाचा तर हेही लिहिले पाहिजे, की रेमडेसिव्हिरच्या उपयोगाविषयी तज्ज्ञांत एकमत नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये त्याची शिफारस करण्याचे नाकारले होते. उलट, जून २०२० मध्ये इंग्लंडातील मोठ्या परीक्षेत डेक्सामेथासोन ह्या जुन्या, स्वस्त औषधाने प्राणवायूवर असलेल्या रुग्णांतील मृत्यू सुमारे पंचमांशाने, व कृत्रिम श्वासयंत्रावरील रुग्णांतील तृतीयांशाने कमी झाल्याचे दिसले होते. तेच औषध गरज नसता, किंवा मधुमेहाकडे दुर्लक्ष करून दिले, तर काळ्या बुरशीस वाट मोकळी होते, हेही लवकरच कळले. महाग तेवढे गुणकारी ही समजूत आमच्या मनातून अजूनही गेलेली नाही.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एका तरुणाने मला दूरध्वनी केला. वडील अतिदक्षता विभागात, आत जाण्यास मज्जाव. एका परिचारिका भगिनीने आपला भ्रमणध्वनी त्या वृद्धाच्या कानाशी धरला व मी इकडून प्रार्थना म्हटली. पवित्र तेलाचा अभ्यंग करता आला नाही. दूरध्वनीवरून तो संस्कार होत नाही. पलीकडून श्वासाचा आवाज तेवढा येत होता. दोन दिवसांनी दफन झाले: आच्छादनात गुंडाळलेली काया, पायापासून डोक्यापर्यंत झाकलेले चार कर्मचारी, आणि दूर उभे आम्ही तिघे. त्या परिचारिकेचे नाव विचारण्याचेही मला सुचले नाही. ती कोणत्या धर्माची होती, हेही मला ठाऊक नाही.

त्याच काळात आपल्या तरुण-तरुणींनी विलगीकरणातील घरांस दोन वेळचे डबे पोहोचविले. उंबऱ्याबाहेर पाट, पाटावर डबा, चार पावले मागे सरून हाक, आणि दार उघडेपर्यंत तेथेच थांबणे, असा त्यांचा नियम होता. डबा ठेवून पळून जावयाचे नाही. आतल्या माणसाचे तोंड पाहून, दोन शब्द बोलून मगच निघावयाचे. हा नियम कोणी घातला? ज्या कुटुंबाचा बाक रिकामा राहिला होता, त्याच घरच्या मुलीने.

लस व पुनरागमन

ता. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात लसीकरण सुरू झाले: प्रथम आरोग्यसेवक, मार्चपासून वृद्ध, मेपासून अठरा वर्षांवरील सर्व. पुण्याच्या सीरम संस्थेची कोविशील्ड व हैदराबादची कोव्हॅक्सिन ही नावे घरोघरी झाली. अफवाही तितक्याच झाल्या. कोणी म्हणे ताप येऊन माणूस दगावतो, कोणी म्हणे वंश खुंटतो. धर्माच्या नावाने शंका काढणारेही भेटले. त्यांच्यासाठी सांगावयाचे, की डिसेंबर २०२० मध्येच रोमने ह्या लसी घेणे नैतिकदृष्ट्या ग्राह्य असल्याचा निर्वाळा दिला होता, आणि आपल्या रक्षणाबरोबर इतरांच्या हिताचाही विचार त्यात सांगितला होता. प्रस्तुत लेखकाने स्वतः रांगेत उभे राहून टोचून घेतले व दुसऱ्या दिवशी हुडहुडी भरून आली तेही लपविले नाही. लपविले असते तर पुढच्या वेळी कोणी विश्वास ठेवला नसता. ता. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी देशात शंभर कोटी मात्रा पुऱ्या झाल्या.

ता. ७ ऑक्टोबर २०२१ रोजी मंदिरे पुन्हा उघडली. एप्रिल २०२२ च्या आरंभी राज्यातील निर्बंध उठले. त्या वर्षी, ता. १० एप्रिल रोजी, तीन वर्षांनी प्रथमच झावळ्यांची मिरवणूक सर्वांसह निघाली. ती पाहत असता कोण आले आहेत ह्यापेक्षा कोण आले नाहीत हेच डोळ्यांपुढे येत होते. ता. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक आणीबाणी संपल्याचे सांगितले. रोग संपला असे मात्र तिने म्हटले नाही.

असो. महोत्सव हा मागे पाहण्याचा तसाच पुढे पाहण्याचाही प्रसंग होय. म्हणून समितीपुढे तीन लहान विनंत्या ठेवतो. पहिली: धर्मग्रामात एकटे राहणाऱ्या वृद्धांची, व नित्य औषध घेणाऱ्यांची यादी असावी, आणि प्रत्येक नावापुढे त्यांची विचारपूस करणाऱ्या एका शेजाऱ्याचे नाव लिहिलेले असावे. दुसरी: दर तीन महिन्यांनी एका रविवारी मिस्सेनंतर रक्तदाब व साखर तपासण्याची व्यवस्था व्हावी, महामारीने ज्यांना नेले, त्यांपैकी कित्येकांस आपल्याला मधुमेह आहे हे दवाखान्यात गेल्यावर कळले. तिसरी: मृत्यूच्या नोंदवहीस एक पुरवणी जोडावी. त्या दोन वर्षांत ज्यांचे दफन आप्तांच्या गैरहजेरीत झाले, त्यांच्या घरच्यांनी त्या पुरवणीत आपल्या हाताने चार ओळी लिहाव्यात. त्या वर्षी सांगावयाचे राहिलेले तेथे लिहिले जाईल.

पुरवणीची कोरी वही धर्मगुरूनिवासात मेजावर ठेवली आहे. दार दिवसभर उघडे असते. आत यावे; फाटकाशी थांबू नये.

आपल्या सर्वांस आरोग्य व शांती लाभो.

तुमचा धर्मगुरू